राणीचे पेडवे

“कुत्र्याला कच्चा मासा द्यायचा झाला तर कुठला द्यावा?” बेळगावात माझ्याकडे पाळीव कुत्र्यांच्या आहाराचा सल्ला विचारायला येणाऱ्यांत हा प्रश्न हमखास निघतो. घाटाखालून गोव्याची, मालवणची मासळी येते, इकडे हिडकलच्या धरणातली मिळते. त्यात कच्चं खाऊ घालण्याचं खूळ मोबाइलमधून गावोगावी पोचलंय. उत्तर म्हणून माशांची नावं सांगून मोकळं होता येतं. मीही तसंच करायचो, राणी येईपर्यंत.

राणी म्हणजे खानापूर तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली चार वर्षांची मुधोळ कुत्री. (नाव बदललंय, घराची ओळखही.) मालक दारातच म्हणाले, “डॉक्टर, तीन दिस झाले खाईना झालीय. चालताना झोकांड्या खाऊलालीय की ओ.” मान खाली गेलेली, मागचे पाय फाकलेले, वळताना तोल जात होता. मुधोळची जात मुळात सडपातळ, त्यामुळे ती वाळत चाललीय हे घरच्यांच्या ध्यानात उशिरा आलं.

आपल्याकडे झोकांड्या खाणारं कुत्रं समोर आलं की आधी पिसाळण्याचा आणि डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा विचार करावाच लागतो. हातमोजे घातले, लशींचं कार्ड बघितलं. लशी वेळेवर झालेल्या, कुठं चावाचावी नाही. मग खाणं विचारलं. मालकांनी अभिमानानं सांगितलं: दोन महिने रोज पेडवे, म्हणजे तारलीसारखे बारीक समुद्री मासे, कच्चे. शिवाय मासळीवाला फटफटीवरच्या थर्माकोलच्या पेटीतून डोकी-आतडी फुकट टाकून जायचा, तीही. “पण सगळं आठवडाभर फ्रीजरात ठेवूनच देतो. पुतण्यानं सांगितलंय.”

पुतण्या अमेरिकेत सिएटलला. त्याचा सल्ला चूक नव्हता, पण तो तिथला होता. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या सामन आणि ट्राउट माशांत एक बारीक चपटा कृमी असतो, आणि त्या कृमीच्या पोटात निओरिकेट्सिया नावाचा जंतू. कच्चा मासा खाल्लेल्या कुत्र्याला साधारण आठवड्यात ताप, उलट्या, जुलाब सुरू होतात आणि उपचार मिळाले नाहीत तर बहुतेक कुत्री दगावतात. मासा नीट गोठवला की कृमी मरतो. म्हणून तिथले लोक फ्रीजरचा एवढा धोशा लावतात. आपल्या पेडव्यांत हा आजार नाही. आपल्या पेडव्यांची भानगड वेगळी, आणि तिला फ्रीजरची भीती वाटत नाही.

काही माशांच्या अंगात थायमिनेज नावाचं विकर असतं. ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. हेरिंगच्या गोतावळ्यातल्या, म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांच्या भाऊबंदांतल्या, अनेक माशांत ते आढळतं, आणि गोड्या पाण्यातल्या कार्पच्या कुळातही. आतड्यांत आणि कल्ल्यांत जास्त, म्हणजे फुकट मिळणाऱ्या भागातच. गोठवून ते मरत नाही, शिजवल्यावर मात्र निकामी होतं. एखाद्या दिवशी चार पेडवे खाल्ले म्हणून काही बिघडत नाही. रोज, आठवडेच्या आठवडे तेच चाललं की आधी भूक जाते, मग तोल, आणि तरीही कुणी बघितलं नाही तर झटके. ही गोष्ट जुनीच आहे. 1932 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात चास्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवर कच्चा कार्प खाणारे पाळीव कोल्हे असेच लुळे पडले होते. आजही त्या रोगाला चास्टेकचा लकवा म्हणतात. कोल्हा कुत्र्याच्याच कुळातला.

राणीला ब-१ ची इंजेक्शनं सुरू केली, मासा बंद केला. दुसऱ्या दिवशी तिनं भात चाटला, चौथ्या दिवशी दारापर्यंत सरळ चालत आली. इतक्या लवकर उतार पडला म्हणून निदानावर माझा विश्वास बसला.

खरं बोलणं झालं ते आठव्या दिवशी. मालकांनी वही काढली आणि विचारलं, “मग कच्चा कुठला देऊ?” मी सांगू लागलो. नदी-तळ्यातला मासा कच्चा नकोच. मरळ तर अजिबात नको. तिच्या मांसात ग्नॅथोस्टोमा नावाच्या जंताची अळी असू शकते, आणि त्या जंताचं हक्काचं घर म्हणजे कुत्र्या-मांजराचं जठर. समुद्राचा घ्यायचा तर लेप या चपट्या माशासारखा पांढऱ्या मांसाचा, आतडी-कल्ले काढून. बांगडा बर्फाशिवाय तासभर उन्हात राहिला तरी त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होऊ लागतं. ते उकळूनही जात नाही, गोठवूनही नाही, म्हणून पेटीत बर्फ किती उरलाय ते आधी बघायचं. मोठी सुरमई, मोरी (शार्क) यांत पारा साठतो. सुकट-सुके बोंबील नकोत, त्यात मीठ फार. 1 जून ते 31 जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा पेटीतली समुद्राची मासळी कुठून आणि किती दिवसांची आलीय ते विचारून घ्यायचं. आणि फ्रीजर म्हणाल, तर कृमी मरायला उणे 20 अंशांवर सलग सात दिवस लागतात. घरचा फ्रीज, त्याचं दिवसातून वीसदा उघडणारं दार आणि आपल्याकडची वीज, यांचा हिशेब तुम्हीच करा.

लिहिता लिहिता ते थांबले. चेहरा पडला. तेव्हा कुठं मी तो प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. “पण कच्चाच का? दहा मिनिटं उकडलात तर यातलं निम्मं लिहायलाच नको.”

ते बायकोकडे बघायला लागले. वहिनी म्हणाल्या, “आत्ती माळकरी आहेत आमच्या.” सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकलेली नाही. त्या घरात मासा चुलीवर चढत नाही. राणीची भाकरी आजीच कुस्करून घालायच्या, पण तिच्या अंगात ताकद यावी म्हणून मुलाला मासा द्यायचा होता. कच्चा दिला की भांडं नको, वास नको, आजींना कळायलाही नको. मोबाइलवरच्या ‘नैसर्गिक आहारा’नं त्याला एक चांगलं नाव मिळालं, एवढंच.

असं मी नंतर बऱ्याच घरांत बघितलं. सोमवार पाळणारी घरं, भाड्याच्या खोलीत मासा शिजवायला मालक परवानगी देत नाही असे विद्यार्थी. कच्च्याचा हट्ट पुष्कळदा कुत्र्यासाठी नसतोच, स्वयंपाकघरासाठी असतो. तिथं माशांच्या नावांची यादी देऊन काय होणार?

मी सुचवलं ते साधं होतं. परसात तीन दगडांची चूल, एक जुनं पातेलं, ते घरात न्यायचं नाही. मासा बिनमिठाचा उकडायचा. कांदा-लसूण चुकूनही नको, कुत्र्याला ते बाधतं. उकडलेला काटा कडक होतो, तेव्हा तो बोटांनी चाचपून काढायचा. आणि आठवड्यातून दोनदा पुरे, बाकी तिचा नेहमीचा आहार. “आणि आजींना सांगा,” म्हटलं. वहिनींना ते सगळ्यात अवघड वाटलं.

सांगितल्यावर आजी म्हणे एवढंच बोलल्या, “मला आधीच ठाऊक होतं. मांजर उगीच परसात येऊलालं होतं?” चूल कुठं मांडायची ती जागा त्यांनीच दाखवली, तुळशीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

महिन्याभरानं मालकांचा फोन आला. राणी कुंपणावरून उडी मारतेय, वजन भरलंय. मग जरा दबकत विचारलं, “आजी म्हणतायत, एकादशीला राणीलाबी मासा नको. दही-भाकरी घातली तर चालंल काय ओ?”

चालंल म्हटलं, दही तेवढं आंबट नको.