आधी पैशाची वाट शोधा, जाब नंतर विचारा

तुम्ही दोघे संचालक, शेअर्स निम्मे-निम्मे. दुसऱ्याने पत्नीच्या फर्मच्या नावे सल्लागार शुल्काची बिलं लावून दोन वर्षं पैसे काढले, काम शून्य. आणि त्यातूनच एक जागा घेतल्याचा तुम्हाला संशय आहे. आज रात्रीच फोन करून त्याला खडसावू का, असं विचारलंय.

अजिबात नको. हिशेबतपासणीच्या कामात एका प्रकरणात मी हेच होताना पाहिलं. मालकाने शुक्रवारी भर बैठकीत विषय काढला आणि सोमवारी लेखापालाचा कॉम्प्युटर 'बिघडला' होता. हात दाखवून अवलक्षण. बँक स्टेटमेंट, बिलं, मंजुरीचे ईमेल, लेजर (खातेवही) यांच्या प्रती आधी ताब्यात घ्या. संचालक म्हणून कंपनीची कागदपत्रं पाहण्याचा तुम्हाला अधिकार आहे. त्याचा खासगी मेल उघडण्याचा नाही.

पैसा तुमचा नाही, कंपनीचा गेलाय. म्हणून दावाही कंपनीचा. इंग्लंडमधल्या फॉस विरुद्ध हार्बॉटल (१८४३) खटल्यापासून हे तत्त्व चालत आलंय. पण संचालक मंडळात निम्मं मत त्याचंच, तो स्वतःविरुद्धच्या ठरावावर सही कशाला करेल? अशा कोंडीसाठीच भागधारकाने कंपनीच्या वतीने दावा लावण्याची सोय अनेक देशांत आहे. बहुतेक ठिकाणी त्याला कोर्टाची परवानगी लागते. वसूल झालेली रक्कम मात्र कंपनीच्या खात्यात जाते. 'माझा निम्मा वाटा मीच उचलून घेतो' असं चुकूनही करू नका, उद्या तुम्हीही त्याच पिंजऱ्यात उभे राहाल.

तो म्हणेल, 'कंपनीचं नुकसान कुठे झालं?' हा बचाव फारसा टिकत नाही. इंग्लंडमधल्याच रीगल (हेस्टिंग्ज) खटल्यात (१९४२) संचालकांची नियत साफ होती, कंपनीचं नुकसानही नव्हतं. तरी पदामुळे मिळालेला नफा त्यांना परत करावा लागला. संचालक हा विश्वस्तासारखा, आणि इथे तर कुंपणानेच शेत खाल्लंय.

आता जागेचं. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा जीव यातच आहे, आणि बरेच जण नुसती रक्कम मागून मोकळे होतात. कंपनीच्या पैशातून जागा घेतल्याचं सिद्ध झालं, तर जागेवरच हक्क सांगता येतो. भाव वाढला असेल तर वाढीसकट, आणि उद्या तो दिवाळखोर झाला तर बाकीच्या घेणेकऱ्यांच्या रांगेत उभं न राहता. पत्नीला यातलं काही ठाऊक नसलं तरी फुकट मिळालेल्या पैशावर तिला ठाम हक्क नाही. प्रामाणिकपणे, पूर्ण किंमत मोजून घेणारा तिसरा माणूस मात्र सुटतो. म्हणूनच जागा विकली जाण्याआधी हालचाल हवी.

पैसा त्याच्या स्वतःच्या पैशात मिसळला असेल तरी वाट पुसली जात नाही. हॅलेट प्रकरणात (१८८०) कोर्टाने धरलं की अशा माणसाने आधी स्वतःचा पैसा खर्चला, म्हणजे उरला तो दुसऱ्याचा. पण शिल्लक एकदा शून्यावर आली आणि मग पगार जमा झाला, तर त्या पगारावर कंपनीचा हक्क लागत नाही. स्टेटमेंट वाचताना मधल्या काळातली सर्वांत कमी शिल्लक शोधा, ते या कारणासाठी.

मालमत्ता विकायला मनाई करणारा हुकूम समोरच्याला न कळवता मागता येतो. इंग्लंडात १९७५ च्या मारेवा खटल्यापासून त्याला तेच नाव पडलं. त्याची किंमत अशी, की तुमच्या बाजूचे कच्चे दुवेही न्यायाधीशांपुढे तुम्हीच ठेवायचे, आणि हुकूम चुकीचा ठरला तर भरपाईची हमी द्यायची. फौजदारी तक्रार वेगळी, ती वकिलाच्या सल्ल्याने करा. शिक्षा झाली म्हणजे पैसे आलेच असं नसतं.

आणि हो, त्या बिलांवर मंजुरीची तुमचीही सही आहे का? असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. समोरचा पहिल्याच तारखेला तेच कागद पुढे करेल.