वाचकांचे प्रश्न : हजारोंच्या खेळात एकट्याने

प्रश्न : मी नोकरी करते. रात्रीची झाकपाक आटोपल्यावर तासभर संगणकावर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम (आपले एक पात्र घेऊन वावरायचा खेळ) खेळणे हा माझा विरंगुळा आहे. हजारो खेळाडू एकाच वेळी वावरत असलेल्या या जगात मी कोणत्याही गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, नाही आणि सहसा कोणाशी बोलतही नाही. माझे धाकटे दीर म्हणतात, ‘वहिनी, एकटीनेच खेळायचे तर एकट्याचा गेम घ्या, या गर्दीत कशाला शिरता?’ त्यांचे म्हणणे बरोबर आहे का? आणि अशा खेळात पुढे कुठे अडून बसण्याची वेळ येते का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या दिरांचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकट्याने फिरणाऱ्या माणसाला ‘बाजार रिकामा असताना का आला नाहीत’ असे कोणी विचारत नाही. २००६ साली निकोलस ड्युशनो, निक यी आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या अशाच खेळातील खेळाडूंचा वावर तपासला, तेव्हा खेळाडू बराच वेळ इतरांसोबत नव्हे, तर इतरांच्या आसपास घालवतात, असे त्यांना दिसून आले. इतर खेळाडू तेथे सवंगड्यांपेक्षा प्रेक्षक म्हणून, सोबतीची जाणीव म्हणून आणि पाहण्याजोगा देखावा म्हणून अधिक उपयोगी पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. आपण करीत आहात ते या खेळांच्या रीतीला सोडून मुळीच नाही.

पूर्वी परिस्थिती निराळी होती. १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये बहुतेक पात्रांना साथीदारांशिवाय पुढे सरकणे जड जात असे. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने एकट्याने कामगिऱ्या पूर्ण करीत तेव्हाच्या सर्वोच्च, म्हणजे ६०व्या, पातळीपर्यंत जाण्याची वाट मोकळी केली आणि पुढच्या बहुतेक खेळांनी तोच कित्ता गिरवला.

अडून बसण्याचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर खेळागणिक बदलते. ‘फायनल फँटसी १४’चे उदाहरण घ्या. त्यातील सस्ताशा हे पहिले डन्जन, म्हणजे गटाने पार करायचे शत्रूंनी भरलेले ठिकाण, १५व्या पातळीला लागते आणि ते चौघांचे असते : मार झेलणारा एक टँक, जखमा भरून काढणारा एक हीलर आणि हल्ला करणारे दोघे. अनोळखी तिघांच्या गटात नवखी व्यक्ती टँक झाली की वाट ठाऊक नसताना पुढे चालण्याची जबाबदारी तिच्यावर येते, आणि मागच्यांची घाई तिला न बोलताही कळते. ‘ड्यूटी सपोर्ट’ या सोयीमुळे आता तेच डन्जन संगणकाने चालवलेल्या तीन साथीदारांसह पार करता येते; आपण भिंतीवरची चित्रे पाहत थांबलात, तरी ते तक्रार करीत नाहीत. तरीही मुख्य कथेतील क्रिस्टल टॉवरचा भाग २४ खेळाडूंचा असून तेथे खरी माणसेच लागतात. खेळ स्वतःच गट जुळवून देतो आणि सुरुवातीला एक नमस्कार टंकला तरी पुरते, त्यामुळे त्याची धास्ती घेऊ नये.

याच खेळाच्या मोफत चाचणी-आवृत्तीत ७०व्या पातळीपर्यंत वेळेचे बंधन न ठेवता खेळता येते. तिच्यात गिल्डमध्ये जाता येत नाही, खासगी संदेश पाठवता येत नाहीत आणि खेळाडूंच्या बाजारात खरेदी-विक्री करता येत नाही. इतरांना हे निर्बंध जाचतात. आपल्याला ते वरदान वाटण्याचा संभव आहे.

माझी स्वतःची पसंती मात्र ‘गिल्ड वॉर्स २’ला आहे, कारण तेथे एकटेपणा आणि गर्दी यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही. क्वीन्सडेल या सुरुवातीच्या प्रदेशातील दलदलीत काळी द्वारे उघडू लागली, की चहूकडून अनोळखी खेळाडू धावत येतात आणि ती बंद करू लागतात. मग शॅडो बेहेमथ नावाचा अजस्र राक्षस उभा राहतो, त्याच्यावर सगळे मिळून तुटून पडतात, हातभार लावणाऱ्या प्रत्येकाला आपापले बक्षीस मिळते आणि काही क्षणांत सगळे पांगतात. गट बांधावा लागत नाही, की कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. मूळ खेळ २०१५पासून मोफत आहे आणि मासिक वर्गणीही नाही. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मध्ये २०२१पासून संगणकचालित साथीदार मिळतात, तोही पर्याय पाहावा.

एवढे मात्र स्वतःला विचारावे, की आपल्याला एकटे खेळणे आवडते म्हणून आपण एकट्या खेळता, की चूक झाल्यास कोणी बोलेल या भीतीने. पहिले कारण असेल तर दिरांना चहा देऊन विषय बदलावा. दुसरे असेल, तर अवघड डन्जन आधी संगणकाच्या साथीदारांसह दोनदा-तीनदा फिरून घ्यावे आणि मग माणसांच्या गटात शिरावे. सर्वांत कठीण रेड, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या लढाया, आणि त्यातील उत्तम शस्त्रे मात्र बहुतेक खेळांत संघाशिवाय मिळत नाहीत, आणि त्यावर तोडगा नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी असून पावसाळ्यात आमच्याकडे वारंवार वीज जाते. अशा परिस्थितीत एकट्याने खेळण्याजोगा कोणता खेळ निवडावा? — एक वाचक, वाळपई

उत्तर : सत्तरी तालुक्यातला पाऊस पाहता आपला प्रश्न रास्तच आहे. या ऑनलाइन खेळांना थांबवण्याचे बटण नसते आणि संपर्क तुटला तरी आपले पात्र काही वेळ तेथेच उभे राहू शकते. आपण एकटे असलात तर नुकसान निदान आपल्यापुरतेच राहते, पण गटातून मध्येच गायब झालात तर उरलेल्यांची पंचाईत होते. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ २०१८पासून मोबाइलवरही चालतो, त्यामुळे वीज गेल्यावर फोनच्या इंटरनेटवर तेच पात्र पुढे खेळता येते. त्यातील ‘आयर्नमॅन’ ही पद्धत खास एकट्यांसाठी आहे : इतरांशी देवघेव बंद, लागणारी प्रत्येक वस्तू स्वतः मिळवायची किंवा घडवायची. तिचाच ‘हार्डकोर’ प्रकार मात्र आपण दिवाळीपर्यंत लांबच ठेवावा, कारण त्यात एकदा मृत्यू आला की तो दर्जा कायमचा जातो आणि वीज गेली होती ही सबब तेथे चालत नाही.