एक खाते, घरभर फोन

वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच अडचणीची आहेत: घरातील सर्वांच्या फोनमध्ये एकाच व्यक्तीचे खाते. ती येथे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही शिवाजी पेठेत राहतो. माझ्या यजमानांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे. घरात पहिला स्मार्टफोन आला तेव्हा दुकानदाराने यजमानांच्या नावाने मेल आयडी उघडून दिला. पुढे माझा, सासूबाईंचा आणि मुलीचा फोन आला, तसा तोच आयडी त्या फोनमध्येही घातला गेला. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी आपल्या फोनमधील अनोळखी नावे पुसली आणि यजमानांच्या फोनमधून पार्ट्यांचे, फौंड्रीवाल्यांचे, ट्रान्सपोर्टचे सगळे नंबर गेले. मुलीचे मैत्रिणींबरोबरचे फोटो वर्कशॉपच्या फोनमध्ये दिसतात म्हणून ती रुसली आहे. त्यातच जागा संपल्याची सूचना येते आणि तिच्या कॉलेज प्रवेशाचे मेल येणे थांबले आहे. घरात रोज वाद होतात. काय करावे?

उत्तर : सासूबाईंना कोणी बोल लावत असेल तर ते आधी थांबवावे. स्वतःच्या फोनमधील नको असलेली नावे काढून टाकण्यात त्यांची काहीही चूक नाही. ती वही आपल्या एकटीची नाही, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

नंबर परत मिळवण्याचे काम मात्र आजच करावे, कारण त्याला मुदत आहे. पुसलेले संपर्क गूगलच्या खात्यात ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात. संगणकावर किंवा फोनवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून ट्रॅशमध्ये जावे आणि हवी ती नावे निवडून परत आणावीत. तेथे ती न सापडल्यास बदल पूर्ववत करण्याची वेगळी सोय आहे. तिच्यामुळे संपूर्ण यादी मागील ३० दिवसांतील आपण सांगाल त्या वेळी जशी होती तशी होते. परंतु त्या वेळेनंतर भरलेले नवे नंबर जातात, म्हणून आधी सध्याची यादी एक्स्पोर्ट करून ती फाइल बाजूला ठेवावी. वर्कशॉपचे नंबर परत आल्यावर त्यांचीही अशीच एक फाइल करून घ्यावी.

आता कारण पाहू. फोन चार असले तरी खाते एकच असल्यामुळे संपर्कांची यादी, फोटोंचा साठा आणि मेलची पेटी एकेकच आहे. एकच खतावणी चौघांच्या हाती दिली आणि एकाने तिचे पान फाडले, तर ते पान बाकीच्या तिघांसाठी वेगळे उरत नाही. फोटोंचेही तसेच आहे. मुलीने फोटो काढला की तो खात्यात चढतो आणि वर्कशॉपच्या फोनमध्ये दिसतो. वर्कशॉपमध्ये कोणी तो नकोसा म्हणून पुसला, तर तो तिच्याही साठ्यातून जातो. खात्यात चढलेला फोटो पुसल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो, तेव्हा तिचे काही फोटो हरवले असतील तर तेथे अवश्य पाहावे.

जागेची अडचणही याचीच पुढची पायरी आहे. एका खात्याला मोफत मिळणारी जागा १५ जीबी असून ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात मिळून आहे. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो त्यात मोजले जातात आणि अलीकडे अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही मोजला जातो. चौघांचे फोटो आणि चौघांचे बॅकअप एका माणसाच्या जागेत भरले, तर ती संपणारच. आणि जागा संपली की मेल येणेही थांबते. प्रवेशाचे दिवस असल्यामुळे आज तात्पुरते काही मोठे व्हिडिओ दुसरीकडे उतरवून, मग खात्यातून काढून ट्रॅशही रिकामा करावा, म्हणजे मेल येऊ लागतील. अर्थात आपले हरवलेले फोटो ट्रॅशमधून परत घेतल्याशिवाय तो रिकामा करू नये.

मला अधिक काळजी वाटते ती आपण पत्रात न लिहिलेल्या एका गोष्टीची. यजमानांनी ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड, मग ते बँकेचे असोत वा जीएसटीचे, याच खात्यात असतात आणि त्यामुळे खाते असलेल्या प्रत्येक फोनवर पोहोचू शकतात. शिवाय कोणी नव्या यंत्रावरून या खात्यात शिरू लागले की ‘आपणच साइन इन करत आहात का’ अशी विचारणा घरातील कोणत्याही फोनवर येऊ शकते. सासूबाईंना वाटेल मुलाने काही केले असेल, मुलीला वाटेल आईने केले असेल, आणि कोणीतरी ‘होय’ दाबेल. जेथे प्रत्येकाला दुसऱ्याचा भरवसा वाटतो तेथे चोराचे काम सोपे होते. अशी विचारणा स्वतः काही केलेले नसताना आली, तर नेहमी ‘नाही’ दाबावे, हे घरातील सर्वांना आजच सांगून ठेवावे.

खाती वेगळी करताना क्रम महत्त्वाचा आहे. जुने खाते यजमानांकडेच राहू द्यावे, कारण बँक आणि व्यवसायाचे पत्ते त्याला जोडलेले असणार. आपण, सासूबाई आणि मुलगी यांनी प्रत्येकी नवे खाते उघडावे आणि त्यात स्वतःचाच मोबाइल नंबर द्यावा. (मुलीचे वय १३ पेक्षा कमी असते, तर तिचे खाते आपल्या देखरेखीखाली फॅमिली लिंकमधून उघडावे लागले असते.) नवे खाते जुन्याबरोबर त्याच फोनमध्ये काही दिवस नांदू शकते, त्यामुळे घाई करू नये. प्रथम ज्याचे त्याचे नंबर फाइल करून नव्या खात्यात घ्यावेत. मग ज्याचे त्याचे फोटो शेअर करून नव्या खात्यात सेव्ह करावेत आणि ते तेथे खरोखर उघडतात का, हे पाहावे. व्हॉट्सॲप मोबाइल नंबरवर चालते, मेल आयडीवर नाही. पण त्याचा बॅकअप खात्यात जातो. म्हणून चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये खाते बदलून नवा बॅकअप घ्यावा. हे सर्व झाल्यावरच फोनच्या सेटिंगमधून जुने खाते काढावे. फोन रीसेट करून सगळे एकदम साफ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये; रीसेटनंतर फोन जुन्या खात्याचाच पासवर्ड मागू शकतो आणि तो कोणालाही आठवत नाही, असे अनेक घरांत घडते. शेवटी यजमानांनी पासवर्ड बदलावा आणि खात्याच्या सुरक्षा विभागातील उपकरणांच्या यादीत जुना, विकलेला एखादा फोन दिसला तर तोही काढून टाकावा.

वेगळे झाल्यावरही वाटून घेण्यासारखे पुष्कळ उरते. गूगलच्या कुटुंब गटात एकूण सहा जण असू शकतात. जादा जागा विकत घेतली तर ती सर्वांना मिळून वापरता येते आणि तरीही कोणाचे फोटो वा मेल दुसऱ्याला दिसत नाहीत. लग्नकार्याच्या, जोतिबाच्या यात्रेच्या फोटोंसाठी एक सामाईक अल्बम करावा. जे सर्वांचे आहे ते त्यात ठेवावे आणि मुलीचे फोटो मुलीकडे राहू द्यावेत. तिचा रुसवा मला अगदी रास्त वाटतो.

प्रश्न : आम्ही पतिपत्नी दोघेही निवृत्त असून राजारामपुरीत राहतो. मुलाने दोघांना आयफोन दिले आणि सोयीसाठी दोन्हींत एकच खाते घातले. सौ.ला बहिणीचा व्हिडिओ कॉल आला की माझाही फोन वाजतो, तिने केलेले कॉल माझ्या यादीत दिसतात, आणि माझ्या मित्राने पाठवलेला संदेश परवा तिनेच आधी वाचला. लपवण्यासारखे काही नाही, पण दोघांनाही अवघडल्यासारखे होते.

उत्तर : लपवण्यासारखे काही नसतानाही माणसाला आपले पत्र आपण आधी उघडावे असे वाटते, त्याचा संकोच मानू नये. एकाच अ‍ॅपल खात्यावर दोन फोन असले, तर फेसटाइमचा कॉल, आयमेसेजचे संदेश आणि कॉलची यादी दोन्हीकडे जाणे हीच त्या रचनेची रीत आहे. ती एका माणसाच्या दोन यंत्रांसाठी केलेली आहे, दोन माणसांसाठी नव्हे. दोन माणसांसाठी अ‍ॅपलने २०१४ पासून फॅमिली शेअरिंग ही सोय दिलेली आहे. तीत सहा जणांपर्यंत कुटुंब असते, प्रत्येकाचे खाते वेगळे राहते आणि विकत घेतलेली ॲप व आयक्लाउडची (म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्याची) जादा जागा मात्र वाटून घेता येते. मोफत जागा प्रत्येक खात्याला केवळ ५ जीबी असल्यामुळे ही वाटणी उपयोगी पडते.

मूळ खाते आपल्याकडे ठेवावे आणि सौ.साठी नवे उघडावे. त्यांच्या फोनमधून साइन आउट करताना संपर्क वगैरेंची प्रत फोनमध्ये ठेवायची का, असे विचारले जाते. तेथे ‘ठेवा’ निवडावे. फोटोंबाबत एक काळजी घ्यावी. जागा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर फोनमध्ये फोटोंची छोटी प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतो, म्हणून आधी मूळ फोटो फोनमध्ये उतरवून घ्यावेत. चिरंजीव पुढच्या वेळी घरी आले की त्यांच्याकडून हे समोर बसून करून घेतलेत तर उत्तम.

प्रश्न : आईला बाजारहाट करता यावा म्हणून माझे यूपीआय ॲप तिच्या फोनवरही चालू करून पिन सांगितला तर चालेल का? (लक्ष्मीपुरी)

उत्तर : चालणार नाही. यूपीआय आपल्या फोनमधील सिमशी बांधलेले असते आणि पिन कोणालाही, आईलाही, सांगायचा नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेली यूपीआय सर्कल ही सोय नेमकी यासाठीच आहे. आई स्वतःच्या फोनवरून पैसे देईल आणि ते आपल्या खात्यातून जातील. एकतर प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यावी किंवा महिन्याची मर्यादा आधी ठरवून द्यावी. ही मर्यादा जास्तीत जास्त १५,००० रुपये असते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत देता येतात. आपले ॲप ही सोय देते का, ते पाहून घ्यावे.

प्रश्न : आमचे घर प्रयाग चिखलीत आहे. २०१९ च्या महापुरात घरातले सगळे अल्बम भिजून गेले. वडिलांनी त्याआधी अल्बममधील फोटो हौसेने मोबाइलवर काढून ठेवले होते, तेवढेच उरले. वडील गेल्या वर्षी वारले. त्यांचे खाते आम्हा तिन्ही भावांच्या फोनमध्ये आहे, पासवर्ड कोणाला माहीत नाही आणि त्यांचे सिम बंद पडत आले आहे. धाकटा भाऊ नवा फोन घेऊन हे खाते काढणार म्हणतो. फोटो जातील का?

उत्तर : एका फोनमधून खाते काढल्याने खात्यातील फोटो जात नाहीत. पण पासवर्ड माहीत नसताना ते तिन्ही फोनमधून निघाले, तर परत शिरणे फार अवघड होईल. म्हणून धाकट्या भावाने थोडे थांबावे आणि आधी सिमला रिचार्ज करावा. बंद पडलेला नंबर कालांतराने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि खाते परत मिळवण्याचा कोड त्याच नंबरवर येत असेल, तर तो परक्याच्या हाती पडेल.

सिम चालू असतानाच, ज्या फोनमध्ये खाते आज सुरू आहे त्याच फोनवरून आणि घरूनच नवा पासवर्ड ठरवण्याचा प्रयत्न करावा, कारण ओळखीच्या फोनवरून व नेहमीच्या ठिकाणाहून केलेली विनंती मान्य होण्याची शक्यता अधिक असते. तो मिळाल्यावर आपला नंबर खात्याला जोडून वडिलांचा काढावा. नंतर गूगल टेकआउट या सोयीने सर्व फोटो एकत्र उतरवून घ्यावेत. दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गूगल पुसू शकते, त्यामुळे एका भावाने ते आपल्या फोनमध्ये चालू ठेवावे आणि अधूनमधून उघडावे. मात्र स्वतःच्या फोटोंचा बॅकअप स्वतःच्या खात्यात न्यावा, म्हणजे वडिलांच्या साठ्यात नवे काही मिसळणार नाही.

उतरवलेल्या फोटोंच्या दोन हार्ड डिस्क कराव्यात. एक आपल्याकडे असू द्यावी आणि दुसरी, पंचगंगेचे पाणी जेथे पोहोचत नाही अशा भागात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडे, पावसाळ्यापूर्वी नेऊन ठेवावी.