बारशाआधीच ठरलेलं नाव: मुलगा असो वा मुलगी

प्रश्न: आमचं पहिलं बाळ येत्या काही आठवड्यांत येईल. मुलगा की मुलगी ते कळायचा मार्ग नाही, त्यामुळे दोघांना शोभेल असं एकच नाव ठरवून ठेवायचं आहे. सासूबाई म्हणतात, अशा नावानं घोळ होतो. (सातारा)

बोलण्यात घोळ होत नाही. 'किरण आला' आणि 'किरण आली' यात क्रियापदच सगळं सांगून टाकतं. शिवाय ही पद्धत नवी नाही. सुहास पळशीकर राज्यशास्त्राचे अभ्यासक, तर सुहास जोशी अभिनेत्री. माणिक प्रभू संत, माणिक वर्मा गायिका. किरण मोरे यष्टिरक्षक, किरण बेदी पोलिस अधिकारी. सासूबाईंना ही यादी वाचून दाखवा.

नाव निवडताना प्रदेश मात्र बघा. कमल, सुमन, मंगल ही महाराष्ट्रात आजी-मावश्यांची नावं. उत्तरेत कमल आणि मंगल सर्रास पुरुष असतात. ज्योती आपल्याकडे मुलगीच, पण बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू होते. प्रांजल आसामात मुलाचं नाव. शीतल आपल्याकडे बहुतेक मुलीचं, तरी सांगली-कोल्हापूरच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भेटतात, कारण शीतलनाथ हे दहावे तीर्थंकर. म्हणजे कुठंही गेलं तरी दोन्हीकडे चालतील अशी नावं थोडीच उरतात: किरण, शशी, कांचन, मृदुल, अनमोल. सुहास सुंदर आहे, पण आज मुलीचं म्हणून क्वचितच ऐकू येतं. चैतन्यही लोक मुलाचंच धरतात. आमचं मत विचाराल तर किरण किंवा मृदुल.

नाव पक्कं करण्याआधी त्याला काका, आत्या, आजी जोडून मोठ्यानं म्हणा. मग 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' दोन्ही लावून वाचा. तिथं अडखळलात तर ते नाव सोडा.

प्रश्न: 'काव्य' हे नाव मुलासाठी ठेवावं असं वाटतं. इंग्रजीत काव्य आणि काव्या सारखंच लिहिलं जातं, म्हणजे हे दोघांना चालणारं नाव झालं ना? (ठाणे)

नाही झालं. ही दोन वेगळी नावं आहेत, फक्त रोमन लिपीत त्यांचा फरक पुसला जातो. काव्य-काव्या, दिव्य-दिव्या, आर्य-आर्या, नित्य-नित्या, सगळ्यांची तीच गत. बोलण्यातही 'काव्यला' आणि 'काव्याला' भरभर म्हटलं की एकच ऐकू येतं. खरा त्रास कागदावर होतो. अनेक ऑनलाइन अर्जांत इंग्रजी नाव टाकलं की देवनागरी आपोआप उमटतं, आणि तिथं मुलाचा 'काव्या' होतो. तेच चुकीचं रूप जन्मदाखल्यावर गेलं, तर पुढं शाळेच्या जनरल रजिस्टरलाही जातं. हेच नाव हवं असेल तर देवनागरी रकाना स्वतः टाइप करा आणि अंतिम प्रत निघण्याआधी वाचा.

प्रश्न: अशा नावामुळे पुढं सरकारी कागदपत्रांत अडचण येते का? (नांदेड)

नावामुळे थेट अडचण येत नाही. लिंगाचा रकाना वेगळा असतो, आणि आरक्षण, वसतिगृह, रेल्वेचं तिकीट सगळं त्यावर चालतं. धोका वेगळाच आहे. 'सविता'पुढं चुकून 'पुरुष' लिहिलं तर कारकून थबकतो. 'किरण'पुढं लिहिलं तर कुणालाच काही खटकत नाही. चूक पकडून देणारं नावच इथं गप्प असतं. म्हणून जन्मदाखला, आधार, शाळेचा प्रवेश अर्ज आणि दहावीचा परीक्षा अर्ज, या चार ठिकाणी तो रकाना स्वतः तपासा.

नोंदणीची घाईही नको. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण नावाची जागा तेव्हा रिकामी राहू शकते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. दवाखान्याच्या फॉर्मवर 'सध्यापुरतं' म्हणून नाव लिहू नका. एकदा चढलेलं नाव बदलणं हे कोरी जागा भरण्याहून कितीतरी किचकट काम आहे. त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, वाहन परवाना अशा कामांत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो.

आणखी एक. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर स्वतःचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आहे. 'किरण मेघना संदीप शिंदे' यातला मेघना हा भाग परक्या माणसाला बाळाचंच दुसरं नाव वाटू शकतो, आणि मुलगा असला तरी तो मुलगी धरला जातो.

प्रश्न: आम्ही जर्मनीत राहतो. मुलीचं नाव किरण ठेवायचं आहे, पण नावावरून लिंग कळलंच पाहिजे असा तिथं नियम आहे असं ऐकलं. (म्युनिक)

तुमच्यासाठी उत्तर जवळजवळ तयारच आहे. याच नावावरून तिथं खटला झाला होता. एका जोडप्यानं मुलीचं नाव किरण ठेवलं, नोंदणी कार्यालयानं लिंग स्पष्ट करणाऱ्या दुसऱ्या नावाशिवाय ते घ्यायला नकार दिला, आणि प्रकरण संविधान न्यायालयापर्यंत गेलं. 5 डिसेंबर 2008 च्या निर्णयात न्यायालयानं म्हटलं, की नावावरून लिंग कळलंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. कुणी अडवलं तर तारखेसह याचा हवाला द्या.

उच्चाराच्या बाजूनंही किरण तिथं सोपं आहे. सुहासचं मात्र 'झूहास' होतं, कारण जर्मनमध्ये स्वराआधीचा एस 'झ'कडे झुकतो. ज्योतीच्या सुरुवातीचा जे 'य' होतो. कांचनमधला सीएच तर भलताच वाचला जाईल.

प्रश्न: पत्रिकेतलं अक्षर पाळायचं तर असं नाव आधी कसं ठरवणार? (इचलकरंजी)

चरणाचं, म्हणजे जन्मनक्षत्राच्या पाव भागाचं, अक्षर जन्मवेळेवर ठरतं, त्यामुळे ते आधी कळणार नाही. पण ते मुलगा-मुलगी भेद करत नाही. मृगाच्या चौथ्या चरणाला 'की', म्हणजे किरण दोघांनाही. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात मुलाला दोन किंवा चार अक्षरं, मुलीला विषम अक्षरं आणि शेवटी 'आ' असं सांगितलं आहे. त्या मोजणीत तुकाराम बसतो, शिवाजी बसत नाही. तेव्हा तिकडं फार लक्ष देऊ नका. नावरस नाव, म्हणजे चरणाच्या अक्षरावरून येणारं, पत्रिकेपुरतं वेगळं ठेवा आणि पाळण्यातलं नाव तुमच्या पसंतीचं.