मनुका किती खाव्यात?

प्रश्न : सासूबाईंच्या रक्तात लोह कमी आहे आणि त्यांना मधुमेहही आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मनुका व सुके अंजीर त्या दिवसभर तोंडात टाकत असतात. हे योग्य आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : फळ वाळते तेव्हा पाणी उडून जाते, साखर मात्र तेवढीच राहते; म्हणूनच १०० ग्रॅम ताज्या द्राक्षांतून सुमारे ७० कॅलरी मिळतात, तर तितक्याच मनुकांतून सुमारे ३००. पोटॅशियम आणि तंतुमय पदार्थ टिकतात, आणि अंजिरात तर १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात; ‘क’ जीवनसत्त्व मात्र बरेचसे नष्ट होते. लोहाची ख्याती थोडी अतिरंजितच आहे, कारण १०० ग्रॅम मनुकांत ते जेमतेम २ मिलिग्रॅम असते, आणि वर चहा घेतल्यास त्याचेही शोषण घटते. सासूबाईंनी दिवसभर चघळण्याऐवजी दहा-बारा मनुका किंवा एक अंजीर जेवणासोबतच, डॉक्टरांना विचारून घ्यावे. पिवळ्या, चकचकीत मनुकांवर बहुधा गंधकाची प्रक्रिया केलेली असते. दमा असणाऱ्यांनी त्या टाळाव्यात. आपल्याकडे सुका मेवा म्हटले की आधी काजू पुढे येतो, पण ती बी आहे, त्यामुळे तिचा हिशेब साखरेपेक्षा स्निग्धांशाचा असतो.