ओळंब्यातून ढळलेली पाठ : जुन्या शस्त्रक्रियेनंतर दाखवावे तरी कोणाला?

प्रश्न : 1984 साली, मी 14 वर्षांची असताना, पाठीचा कणा एका बाजूला वाकत चालल्यामुळे माझ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. कण्याला लांब सळी बसवली आणि पुढचे कित्येक महिने मी प्लास्टरच्या जाकिटात काढले. त्यानंतर शिक्षण, लग्न, दोन बाळंतपणे आणि शाळेतील नोकरी हे सर्व इतके सुरळीत झाले की पाठीत सळी आहे याचा मला विसरच पडला होता. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र उभे राहिले की अंग पुढे झुकते, पोळ्या लाटताना ओट्यावर कोपर टेकावे लागते, गुडघे किंचित वाकवूनच चालता येते आणि संध्याकाळपर्यंत कंबर व मांड्या भरून येतात. आडवे झाले की बरे वाटते. आजवर चार डॉक्टरांना दाखवले. पहिल्यांनी ‘वयोमानाने होते’ म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी गुडघे बदलण्याचा सल्ला दिला, तिसऱ्यांनी एमआरआयमधील एका मणक्यावर बोट ठेवून ‘इथे स्क्रू टाकू’ असे सांगितले, आणि चौथ्यांनी ‘अशी सळी मी कधी हाताळलेली नाही’ असे म्हटले. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर आता हयात नाहीत आणि कागदपत्रेही उरलेली नाहीत. मला नेमके काय झाले आहे, आणि मी कोणाकडे जावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण भेटलेल्या चौघांपैकी मला चौथ्या डॉक्टरांचे कौतुक वाटते. जे आपण केलेले नाही ते केलेले नाही असे रुग्णापुढे कबूल करणे सोपे नसते, आणि आपला पुढचा शोध त्यांच्याच वाक्यापासून सुरू व्हायला हवा.

आपल्या पाठीत असलेली सळी बहुधा हॅरिंग्टन रॉड या प्रकारची आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील अस्थिशल्यचिकित्सक पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी ती विकसित केली आणि 1962 साली त्याविषयीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ जगभर हीच पद्धत रूढ होती. स्टेनलेस स्टीलची एक सळी, तिच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक हूक, आणि गाडी उचलण्याच्या जॅकप्रमाणे ही दोन टोके एकमेकांपासून दूर ढकलून वाकडा कणा ताणून सरळ करणे, असे तिचे तत्त्व होते. सळीच्या आधाराने मणक्यांवर हाडाचे तुकडे पसरले जात आणि काही महिन्यांत तेवढा भाग एकसंध हाड होऊन जाई. आपण प्लास्टरमध्ये काढलेले महिने त्यासाठीच होते.

त्या काळाच्या मानाने ही फार मोठी प्रगती होती. परंतु ताणण्याच्या या क्रियेचा एक परिणाम सर्वांच्या लक्षात येण्यास बराच वेळ लागला. कणा समोरून पाहिला असता सरळ असावा, पण बाजूने पाहिला असता कंबरेशी त्याला आतल्या बाजूने कमान असावी लागते. सळीने कणा ताणताना समोरचा वाकडेपणा कमी झाला, आणि सळी कंबरेपर्यंत खाली गेलेली असेल तर तिने ती नैसर्गिक कमानही सपाट करून टाकली. वैद्यकात याला ‘फ्लॅटबॅक’, म्हणजे सपाट पाठ, असे नाव आहे. तरुणपणी मणक्यांमधल्या खालच्या एकदोन गाद्या, खुब्याचे सांधे आणि स्नायू ही उणीव भरून काढतात, त्यामुळे बरीच वर्षे काहीच जाणवत नाही. चाळिशी-पन्नाशीत त्या गाद्या झिजल्या की शरीराकडची शिल्लक संपते. सळी चौथ्या कटिमणक्यापर्यंत असेल तर तिच्याखाली हलत्या अशा केवळ दोन गाद्या उरतात, आणि सबंध धडाचा भार वर्षानुवर्षे त्या दोघींनीच पेललेला असतो.

गवंडी भिंत ओळंब्यात आहे का हे पाहतो, तसेच येथेही पाहिले जाते. मानेच्या तळाच्या, म्हणजे सातव्या मणक्यापासून सोडलेली उभी रेषा त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या, वरच्या मागच्या कोपऱ्याजवळून जायला हवी. ती त्याच्या पुढे पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त गेली तर तोल ढळला असे सर्वसाधारणपणे मानतात. तोल पुढे गेला की माणूस पडू नये म्हणून शरीर आधी कंबरेचा सांगाडा मागे फिरवते आणि तेही पुरेनासे झाले की गुडघे वाकवते. आपले गुडघे वाकतात ते यामुळे असण्याची दाट शक्यता आहे. याची एक साधी कसोटी आहे : पलंगावर उताणे पडल्यावर गुडघे सहज सरळ होत असतील, आणि उभे राहून मुद्दाम गुडघे सरळ केल्याबरोबर धड पुढे कलंडत असेल, तर मूळ दोष पाठीत आहे. गुडघ्यांची झीज निराळी असूही शकते. पण पाठीचा हिशेब मांडल्याशिवाय गुडघे बदलून घेऊ नयेत असे मी स्पष्टपणे सांगेन. खुब्याचा सांधा बदलण्याचा प्रसंग आला तर ही सावधगिरी दुप्पट हवी, कारण कण्याचा मोठा भाग जखडलेला असताना बदललेला खुबा निखळण्याचा धोका वाढतो.

सपाट पाठ हे एकमेव कारण असेलच असे नाही. सळीखालच्या भागात नसांचा मार्ग अरुंद झालेला असू शकतो, किंवा मागे शस्त्रक्रियेत कुठे तरी हाड जुळलेच नसावे आणि तेथे सूक्ष्म हालचाल होत असावी. अशा ठिकाणी सळी कधी कधी वर्षांनंतर तुटते. (हाड पक्के जुळलेले असेल तर नुसती तुटलेली सळी दिसली म्हणून घाबरण्याचे कारण नसते.) धातूभोवती अनेक वर्षांनी मंद जंतुसंसर्ग उद्भवलेलाही पाहण्यात येतो. तिसऱ्या डॉक्टरांनी बोट ठेवलेला मणका कदाचित खरोखरच दुखरा असेल. परंतु सपाट स्थितीतच तेवढा एक मणका आणखी जखडून टाकला तर पुढचा तोल सुधारण्याची सोय कमी होते, आणि काही वर्षांत त्याहून मोठ्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते.

आता कोणाकडे जावे ते पाहू. ‘स्पाइन सर्जन’ ही पाटी पुरेशी नाही. कण्याचे बहुतेक शल्यचिकित्सक सरकलेली गादी, दबलेली नस, अपघातातील मोडलेला मणका यांवर उत्तम काम करतात, आणि मुलांच्या स्कोलिओसिसची, म्हणजे बाजूला वाकलेल्या कण्याची, शस्त्रक्रिया करणारेही अनेक आहेत. आपल्याला हवे आहेत ते प्रौढांच्या कण्यातील विकृती आणि तिच्यावरील फेरशस्त्रक्रिया नियमितपणे करणारे डॉक्टर, आणि असे लोक थोडेच असतात. शोधाचे दोन मार्ग विश्वासार्ह आहेत. स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी ही 1966 साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर सदस्य डॉक्टरांची देशवार यादी मिळते आणि भारतातील नावेही त्यात आहेत. असोसिएशन ऑफ स्पाइन सर्जन्स ऑफ इंडिया ही आपल्याकडची संघटना दुसरा मार्ग आहे. मुंबई-पुण्यातील मोठ्या अध्यापन रुग्णालयांचे कण्याचे विभाग, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, कोईमतूरचे गंगा हॉस्पिटल, दिल्लीचे इंडियन स्पाइनल इंज्युरीज सेंटर येथेही विचारणा करता येईल. कोणत्या एका डॉक्टरचे नाव या सदरातून सुचवणे मला योग्य वाटत नाही, पण योग्य माणूस ओळखावा कसा हे सांगू शकतो.

आपल्याला उभे करून, डोक्यापासून खुब्यापर्यंत, शक्य तर पावलांपर्यंत, समोरून आणि बाजूने अशा लांब एक्स-रेची मागणी योग्य डॉक्टर पहिल्याच भेटीत करतील. पडून काढलेल्या एमआरआयवरच जे निर्णय घेतात त्यांना आपला खरा आजार दिसतच नाही, कारण तो उभे राहिल्यावरच प्रकट होतो. जाणकार डॉक्टर कंबरेच्या सांगाड्याचा आकार मोजून आपल्याला किती कमान हवी आणि आज किती आहे यांतील फरक अंशांत सांगतील. त्यांना निःसंकोचपणे विचारा की हॅरिंग्टन रॉड असलेले किती रुग्ण आपण हाताळलेत, त्यांपैकी कितींवर शस्त्रक्रिया केली, आणि शस्त्रक्रिया सुरू असताना मज्जारज्जूवर लक्ष ठेवणारी यंत्रणा व ती पाहणारा तज्ज्ञ आपल्याकडे असतो का. प्रश्नांवर रागावणारा सर्जन या कामासाठी योग्य नव्हे. ‘सध्या शस्त्रक्रिया नको’ असे कारणांसहित सांगणारा मात्र बहुधा योग्य असतो.

कारण दुरुस्तीची शस्त्रक्रिया लहान नसते. एकसंध झालेल्या हाडातून पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून कंबरेला पुन्हा कमान द्यावी लागते. एका मणक्यातून अशी पाचर काढली तर सुमारे 30 अंशांची कमान मिळते. तिने माणूस पुन्हा ताठ उभा राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, परंतु धोकाही खरा आहे. प्रौढांच्या कण्यावरील अशा अवघड शस्त्रक्रियांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, 15 केंद्रांतील 272 रुग्णांपैकी सुमारे 22 टक्के लोकांच्या पायांची ताकद घरी जाताना आधीपेक्षा कमी झालेली आढळली. सहा महिन्यांनी हे प्रमाण सुमारे 11 टक्क्यांवर आले. हे आकडे ऐकूनच निर्णय घ्यावा, आणि किमान दोन तज्ज्ञांची मते स्वतंत्रपणे घ्यावीत.

जाण्यापूर्वी थोडी तयारी करावी. इस्पितळांना आंतररुग्णांची कागदपत्रे किमान तीन वर्षे जपण्याचेच बंधन आहे, त्यामुळे 1984 ची फाइल मिळण्याची आशा ठेवू नये. तरीही जुन्या ट्रंकेत एखादी एक्स-रेची फिल्म, डिस्चार्ज कार्ड किंवा प्लास्टरमधला फोटो सापडला तर तो सोबत न्यावा. हाडांची घनता तपासून घ्यावी, मात्र ती खुबा व मनगट येथे मोजण्यास सांगावे, कारण जखडलेल्या कण्यावर मोजले तर घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. हाडे ठिसूळ असतील तर त्यावरील उपचार शस्त्रक्रियेच्या आधी करावे लागतात. दरम्यान खुब्याच्या पुढचे आखडलेले स्नायू ताणणारे व्यायाम जाणकार फिजिओथेरपिस्टकडून शिकावेत आणि लांब चालायचे असेल तर काठी घ्यावी. आपल्याकडे काठीची उगाचच लाज वाटते. जोर लावून पाठ मोडून घेणे, मणके ‘बसवून’ घेणे हे मात्र कोणाच्याही सांगण्यावरून करू नये. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण सुटले, जांघेत बधिरता आली, पायातील ताकद झपाट्याने घटली तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. पाठीच्या जुन्या व्रणातून स्राव येऊ लागला किंवा कारण नसताना ताप येत राहिला तरीही दोन-चार दिवसांपेक्षा जास्त थांबू नये.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या कण्यात 1988 साली बसवलेली स्टीलची सळी आहे. दोन्ही पायांत मुंग्या येतात म्हणून एमआरआय लिहून दिला, परंतु केंद्राने ‘धातू आहे, होणार नाही’ असे सांगून परत पाठवले. आता काय करावे?
— एक वाचक, अकोला

उत्तर : कण्यातील सळी म्हणजे एमआरआयला सरसकट मनाई, असे नाही. हाडात घट्ट रुतलेली सळी सहसा जागची हलत नाही. अडचण येते ती चित्राची, कारण स्टीलभोवतीचा भाग काळा आणि विस्कटलेला दिसतो. धातूचा हा परिणाम कमी करण्याची सोय असलेले यंत्र मोठ्या केंद्रांत असते, आणि सळीच्या खालचा भाग, जेथे बहुतेक वेळा नस दबलेली असते, तो बऱ्यापैकी स्पष्ट दिसू शकतो. तेथील रेडिओलॉजिस्टशी आपल्या डॉक्टरांनी स्वतः बोलून सळीचा काळ आणि प्रकार कळवावा. शरीरात पेसमेकरसारखे दुसरे काही उपकरण असल्यास तेही आधीच सांगावे. एवढे करूनही चित्र उपयोगाचे आले नाही, तर कण्यातील मज्जारज्जूभोवतीच्या पोकळीत सुईने रंगद्रव्य सोडून केलेला सीटी स्कॅन हा जुना पण भरवशाचा पर्याय आहे. ही सुई टोचण्याची जागा बहिणीच्या कण्याच्या जखडलेल्या भागात येत असेल, तर ते काम अनुभवी रेडिओलॉजिस्टनेच एक्स-रेच्या मार्गदर्शनाखाली करावे, असा आग्रह धरावा.