आई गावी, आपण शहरात : निर्बंधांच्या काळातले वाचकांचे प्रश्न

मे २०२१ मध्ये महाराष्ट्रातले ‘ब्रेक द चेन’चे कोविड निर्बंध १ जूनपर्यंत वाढले होते, तेव्हाची ही प्रश्नोत्तरं. या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे : आपलं माणूस दुसऱ्या गावात आणि आपण इथे अडकलेलो. खालचे प्रवासाचे, लसनोंदणीचे आणि विमानांचे नियम मे २०२१ च्या मध्यापर्यंतचे आहेत, आज ते लागू नाहीत.

प्रश्न : आई सातारा जिल्ह्यात एकटी राहते, मी ठाण्यात. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलंय. जिल्ह्याबाहेर जाण्याच्या परवान्याचा, म्हणजे ई-पासचा अर्ज दोनदा नामंजूर झाला. काय चुकलं असेल?

कारण तर नियमात बसतं. वैद्यकीय निकड, अंत्यविधी, घरातलं गंभीर आजारपण यांसाठी जिल्ह्याबाहेर जाता येतं. त्यामुळे अडचण बहुधा कागदांची आहे. पोलिसांच्या ई-पास संकेतस्थळावर फोटो २०० केबीच्या आत आणि कागदपत्रांची फाइल १ एमबीच्या आत लागते. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवला तर तो सहसा याहून मोठा असतो. सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि मग आकार कमी करा, पण अक्षर वाचता येईल एवढाच.

रुग्णालयाच्या पत्रावर आईचं पूर्ण नाव, ऑपरेशनची तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नुसता एक्स-रे किंवा औषधांची चिठ्ठी जोडली तर तुम्ही तिथे असणं का गरजेचं आहे, हे तपासणाऱ्याला कळत नाही. दुसरी नेहमीची अडचण नात्याच्या पुराव्याची. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर फक्त आधार कार्ड पुरत नाही. दोघींची नावं असलेलं रेशन कार्ड किंवा जन्मदाखला सोबत जोडा. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक काम’ लिहू नका. ‘आईचं ऑपरेशन, अमुक तारीख, अमुक रुग्णालय’ असं नेमकं लिहा.

अर्ज भरल्यावर मिळणारा टोकन क्रमांक जपून ठेवा, पास त्यावरूनच डाउनलोड होतो. ऑनलाइन जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जा. पासवरच्या तारखांबाहेर तो चालत नाही. विनापरवाना निघालात तर दंड दहा हजारांचा आहे. खासगी गाडीत चालक आणि निम्म्या क्षमतेइतकेच प्रवासी बसू शकतात, तेव्हा अख्खं कुटुंब घेऊन निघू नका. रुग्णाजवळ थांबणाऱ्याचा आरटीपीसीआर अहवालही बरीच रुग्णालयं मागतात. निघण्याआधी फोन करून विचारून घ्या.

प्रश्न : पुण्यात आई-वडील दोघेच आहेत. आई पॉझिटिव्ह, लक्षणं सौम्य, घरीच उपचार चालू. आम्ही बंगळुरूत. दिवसातून दहा वेळा फोन करतो, तर बाबा चिडतात. नेमकं काय विचारायचं?

बाबांचं बरोबर आहे. दहा वेळा ‘कसं वाटतंय?’ विचारल्यावर दहा वेळा ‘बरं आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी अशा चार वेळा ठरवा आणि फक्त आकडे घ्या : ताप, ऑक्सिजन, नाडी. बाबांनी ते वहीत लिहावेत आणि पानाचा फोटो पाठवावा. एका आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय हे कळणं जास्त उपयोगाचं.

ऑक्सिमीटर चुकीचे आकडे दाखवतो त्याची कारणं साधी असतात : थंड बोटं, नेलपॉलिश, हाताची हालचाल. हात चोळून गरम करायचे, पाच मिनिटं शांत बसायचं, मधल्या बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. पहिला झळकलेला आकडा लिहायचा नाही.

रोज एकदा चालण्याची चाचणी करावी. आधी ऑक्सिजन मोजायचा, मग सपाट फरशीवर सहा मिनिटं नेहमीच्या वेगाने चालायचं. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. लगेच पुन्हा मोजायचा. आकडा तीनहून जास्त घसरला किंवा धाप लागली तर बसलेल्या अवस्थेतला आकडा चांगला असला तरी डॉक्टरांना कळवायचं. दमा असेल किंवा आधीच आकडा ९४ च्या खाली असेल तर ही चाचणी करायची नाही. बसल्या जागी ९४ च्या खाली, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ, ओठ निळसर यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर चर्चा करत बसू नका. पालिकेच्या नियंत्रण कक्षाचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर, दोन्ही आजच भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवायला सांगा.

दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून, अहवालाच्या तारखेपासून नव्हे. प्रकृती बिघडलीच तर ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडते, आणि नेमका तेव्हाच ताप उतरल्यामुळे घरचे निर्धास्त होतात. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या यादीतलं स्टेरॉइड कुणाच्या सांगण्यावरून सुरू करू नका. आईला मधुमेह असेल तर त्याने साखर वाढते, आणि म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या आजाराची) भीती त्यातूनच आहे.

बाबांनी वेगळ्या खोलीत झोपावं, दोघांनीही मास्क लावावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. डबा दाराशी ठेवून जाईल अशा एका शेजाऱ्याशी मात्र तुम्हीच बोला. आई-वडील संकोचापायी कुणाला सांगत नाहीत.

प्रश्न : सासऱ्यांना कोविड वॉर्डात हलवायचंय. आत कुणाला सोडत नाहीत. सोबत काय द्यावं?

फोन, लांब वायरचा चार्जर आणि दोन्हींवर नावाची चिकटपट्टी. कवळीला डबी आणि तिच्यावरही नाव. चष्मा, कानाचं यंत्र आणि त्याचे जादा सेल : मास्कमागून बोललेलं ऐकू आलं नाही की म्हातारी माणसं उगाच गोंधळलेली वाटतात. एका कागदावर चालू औषधं मात्रेसह, ॲलर्जी, जुने आजार आणि घरच्या दोघांचे नंबर लिहून फाइलला लावा. फोनचं लॉक काढून टाका. दागिने घरी ठेवा. वॉर्डात फोन एकाच नातेवाइकाने, ठरलेल्या वेळी करावा, बाकीच्यांना त्याने कळवावं.

प्रश्न : गावी असलेल्या आईची कोविशील्ड लसीची दुसरी मात्रा मी इथून माझ्या मोबाइलवर नोंदवू शकतो का?

पहिली मात्रा ज्या नंबरवर नोंदवली होती, त्याच नंबरवरून नोंदवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. पहिल्या वेळी केंद्रावर शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो, आता मुलगा स्वतःच्या नंबरवर नव्याने नोंदणी करतो आणि कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर पुन्हा ‘पहिली मात्रा’ लागते. आधी आईच्या फोनवर आलेला संदेश किंवा प्रमाणपत्र पाहा. एका नंबरवर चार जणांची नोंद होते. ओटीपी ज्या फोनवर येणार तो माणूस त्या वेळी हाताशी हवा. आरक्षण झाल्यावर मिळणारा चार अंकी कोड आईला फोनवर सांगून कागदावर लिहून घ्यायला लावा, तो केंद्रावर विचारतात. दोन मात्रांमधलं अंतर १३ मे २०२१ पासून १२ ते १६ आठवडे झालं आहे, त्यामुळे सहा आठवड्यांचा हिशेब धरून तिला रांगेत पाठवू नका.

प्रश्न : मुलगा मेलबर्नला विद्यार्थी व्हिसावर आहे. १५ मेनंतर विमानं सुरू होतायत, तर आम्हाला जाता येईल का?

नाही. ती विमानं तिथले नागरिक आणि कायम रहिवासी यांना परत नेण्यासाठी आहेत. अशांच्या जवळच्या कुटुंबाला सवलत आहे, पण ऑस्ट्रेलियाच्या व्याख्येत प्रौढ मुलांचे आई-वडील त्यात येत नाहीत. करुणेच्या कारणावर विशेष परवानगीचा अर्ज करता येतो, मात्र त्याला भक्कम वैद्यकीय कागद लागतात आणि मंजुरीची खात्री नसते. तुम्हाला बरं नाही म्हणून त्याने तडकाफडकी इकडे यावं, असंही सुचवू नका. बाहेर पडायला त्याला अडवणार नाहीत, पण त्या व्हिसावर परत आत शिरायला वेगळी सूट लागते आणि शिक्षण मध्येच अडकतं. मे महिन्यात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे असतं. तुमची दुपारची अडीचची वेळ म्हणजे तिथले संध्याकाळचे सात, दोघांनाही सोयीची.